गेटवरची वाकुली

दिल्लीला समुद्र नाही आणि तरी मी बंदरात नोकरी करते, हे नागपूरच्या माझ्या मावशीला अजून पटलेलं नाही. "तिथं जहाज कुठून येतं गं?" असं ती दर फोनवर विचारते. जहाज येत नाही मावशी, जहाजातले कंटेनर येतात, रेल्वेनं. ते आणायला-न्यायला ट्रक लागतात, आणि ट्रकच्या ड्रायव्हरांना आत शिरायला पास लागतो. पास बनवणाऱ्या विभागातली मी मेश्राम मॅडम.

माणूस तोच, चेहरा तोच, पण तो तोच आहे हे त्यानं रोज नव्यानं सिद्ध करायचं! अशा जागी किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पूर्वी हे सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली सांगता सांगता मध्येच थांबायला होतं.

*

आमच्या गेटवर हवालदार नागरजी. डेपो ज्या जमिनीवर आहे तिथं पूर्वी शेतं होती, त्यातलं एक त्यांच्या काकांचं. "मेरे चाचा के खेत में मैं ही लोगों को घुसने नहीं देता, मैडम!" असं ते छाती फुगवून सांगायचे.

तेव्हा मशीन नव्हतं. पासवर फोटो असायचा आणि पास बघायला नागरजी असायचे. गेटबाहेरच्या फोटोवाल्याकडे एक निळा कोट टांगलेला होता. ड्रायव्हर यायचा, बनियनवर तो कोट चढवायचा, फोटो काढायचा, कोट पुढच्याला द्यायचा.

एकदा हेड ऑफिसचे साहेब तपासणीला आले. पासांच्या कॉप्या चाळता चाळता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "नागर, ये सब एक ही आदमी है क्या?"

नागरजी शांतपणे म्हणाले, "नहीं साहब, कोट एक है. आदमी सब अलग हैं."

*

पासच्या फॉर्मवर कायमचा पत्ता लागतो. एका ड्रायव्हरला मी विचारलं, "कहाँ रहते हो?"

"गाड़ी में, मैडम."

"और गाड़ी कहाँ रहती है?"

"जहाँ आप खड़ी रहने दो!"

हा ड्रायव्हर म्हणजे मोहरसिंग. अलवरकडचा. उंच, पिकत चाललेल्या मिशांचा, दोन्ही गालांना खळ्या पडतील असा हसणारा. ट्रक मालकाचा, पण समोरच्या आरशाला बायकोनं विणलेला लाल गोंडा बांधलेला, म्हणून तो ट्रकला "हमारी" म्हणायचा. पत्त्याच्या रकान्यात मी शेवटी त्याच्या गावाचं नाव घातलं. तिथं तो वर्षातून एकदा जायचा.

*

मग चेहरा ओळखणारं मशीन आलं. ड्रायव्हरनं कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की बॅरियर वर. लाल लागला की गाडी मागे.

उद्घाटनाला तेच हेड ऑफिसचे साहेब. हार घातलेले, कपाळावर टिळा. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि लाल! हार काढला, लाल. चष्मा काढला, लाल. आमची पिंकी, म्हणजे फोटो काढणारी ऑपरेटर, हसू दाबायला टेबलाखाली वाकली.

साहेबांनी वळून नागरजींकडे पाहिलं. नागरजी म्हणाले, "साहब, मैं तो आपको पहचानता हूँ. पर अब मेरी चलती नहीं."

त्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून नागरजींना मशीनशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. काम एवढंच, की लाल दिवा लागला तर ड्रायव्हरला "साइड में लगाओ" म्हणायचं. सगळ्यांना नावानं हाक मारणारा माणूस तो, त्याला हे काम देऊ नये, असं मला फार वाटायचं. अजूनही वाटतं.

*

जानेवारीत एका सकाळी मोहरसिंग गेटवर आला तो तोंडाला मफलर गुंडाळून. कॅमेऱ्यासाठी मफलर काढला आणि नागरजी खुर्चीतून उठले. डावी बाजू पार लोंबलेली. ओठाचा कोपरा खाली, डोळा मिटत नाही. रात्रभर खिडकी उघडी ठेवून गाडी चालवली, हवा मार गयी, म्हणाला.

दिवा अर्थातच लाल.

मी म्हटलं, घाबरू नको, नवा फोटो घेऊ. पिंकीनं कॉम्प्युटरवर बटण दाबलं. समोर सूचना आली, की नवा फोटो घेण्याआधी चेहरा जुन्या फोटोशी जुळला पाहिजे!

"अहो मॅडम," पिंकी म्हणाली (माझ्यासोबत राहून ती एवढं मराठी शिकली आहे), "जुळला असता तर नवा कशाला काढला असता?"

मशीनच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मैम, सिस्टम में ऐसा ही है."

नागरजी म्हणाले, "मैं लिखकर देता हूँ, ये मोहरसिंग है. इसके बाप को भी जानता था मैं." पण ते लिहायला सिस्टीममध्ये जागाच नव्हती.

मालक फोनवर फोन करत होता. गाडी आत जाणार नसेल तर दुसरा ड्रायव्हर बसवतो, म्हणाला. मी हेड ऑफिसला विशेष परवानगीसाठी लिहिलं, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.

*

हिंदूरावच्या हॉस्पिटलात डॉक्टरीण बाईंनी त्याला सांगितलं, घाबरू नका, बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं, धीर धरा आणि व्यायाम करा. गाल फुगवा, शीळ वाजवा, आणि मुख्य म्हणजे हसा.

मोहरसिंग गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून व्यायाम करू लागला. एकट्याला लाज वाटते म्हणून नागरजीही करू लागले. मग रांगेतले ड्रायव्हर. एकदा आमच्या इन्चार्जांनी खिडकीतून पाहिलं तर अख्खी रांग त्यांच्याकडे बघून गाल फुगवतेय! त्यांनी सगळ्यांची नावं मागवली.

आणि हसायला तर काहीतरी लागतंच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी आणि पिंकी टपरीवर जाऊन त्याला किस्से सांगायचो. हेच. कोटाचा, साहेबांच्या हाराचा. तो उजव्या गालानं हसायचा, डावा तसाच. मग ओशाळून म्हणायचा, "आधा ही हँसा हूँ, मैडम. आधा बाकी है."

लक्ष्मीबाई नगरला घरी आल्यावर मी आरशासमोर तेच व्यायाम करून बघत होते, कुठला स्नायू ओढला जातो ते कळावं म्हणून. माझी लेक दारात उभी.

"आई, हे काय चाललंय यार?"

"वाकुल्या दाखवतेय."

"वाकुल्या म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या पोरीला एवढाही शब्द येत नाही, याचं वाईट वाटलं. म्हटलं, तोंड वेडंवाकडं करून चिडवणं. ती म्हणाली, "पण तू चिडवतेयस कुणाला?"

*

हेड ऑफिसकडून उत्तर येईना. एका दुपारी आम्ही टपरीवर बसलेलो असताना मोहरसिंगचा ट्रक गेटवर आला. तोच नंबर, तोच लाल गोंडा आरशाला. चालवणारा एक पोरगेला ड्रायव्हर. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, हिरवा. बॅरियर वर गेला आणि गाडी आत.

नागरजींनी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

मोहरसिंगनं उरलेला चहा संपवला. डाव्या कोपऱ्यातून थोडा सांडला तो मफलरनं पुसला. मग म्हणाला, "गोंडा तो खोल लेने देता."

मला इतकं वाईट क्वचितच वाटलंय. मी इन्चार्जांशी भांडले, कंपनीच्या त्या गोड आवाजाच्या मुलाला नाही नाही ते बोलले, आणि हेड ऑफिसला रोज फोन करून त्या लोकांना सळो की पळो करून सोडलं.

*

शेवटी परवानगी आली! खास बाब म्हणून, फक्त एकदा, नवा फोटो घ्यावा. पिंकीनं लगेच मोहरसिंगला खुर्चीत बसवलं. व्यायामानं डावा डोळा नुकताच मिटायला लागला होता, ओठ अजून खालीच होता. हॉस्पिटलातल्या बाई धीर धरा म्हणाल्या होत्या खऱ्या, पण परवानगी हातात आल्यावर धीर कोण धरतो? फोटो निघाला तसा निघाला. नवा पास, हिरवा दिवा. दुसऱ्या एका मालकानं त्याला गाडीही दिली. नागरजींनी सगळ्यांना लाडू वाटले.

होळी झाली, ऊन चढलं, आणि मोहरसिंगचं तोंड सरळ झालं. ओठ जागेवर आले, गालाला खळी पडली, डाव्यासुद्धा.

त्या दिवशी गेटवर दिवा लाल.

मी हेड ऑफिसला फोन केला. तिकडून विचारलं, "चेहरा ठीक हो गया न?"

"हो गया."

"तो फिर प्रॉब्लम क्या है?"

*

परवा मी काही कामानं गेटवर उभी होते. मोहरसिंगची गाडी आली. तो खाली उतरून कॅमेऱ्याकडे चालला होता, आणि नागरजींनी, जुन्या सवयीनं असेल, त्याला बघून हाक मारली, "साहब, कोट एक है!"

मोहरसिंग हसला. दोन्ही गालांनी, दात दाखवून, मागे मान टाकून. इतक्या महिन्यांत मी त्याला असं पूर्ण हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लाल दिवा लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"हँस मत, भाई," नागरजी हळूच म्हणाले. "गेट नहीं खुलेगा."

मोहरसिंगनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. कॅमेऱ्यासमोर नीट उभा राहिला. मग ओठाचा डावा कोपरा हळूहळू खाली सोडला, गाल सैल केला, आणि तसाच थांबला.

हिरवा दिवा लागला, बॅरियर वर गेला. मी वळून नागरजींकडे पाहिलं, तर खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचंही तोंड वाकडं झालेलं होतं.