वाकडे वाडगे

माझे वाडगे वाकडे असतात. इतके वाकडे, की एका काठाचा चहा निवतो तेव्हा दुसऱ्या काठाचा उकळत असतो. जपानच्या खेड्यांतले कुंभार रोजच्या भांड्यांवर बोटांचे ठसे तसेच ठेवत, ते एका पुस्तकात पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. झिलईसाठी राख हवी म्हणून मी वावरातली पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, जाळली. त्या धुराने मुकुटबनचे कावळे आठवडाभर खोकत होते.

चाक शिकवलं मात्र गावातल्याच एका म्हाताऱ्या कुंभाराने. मी त्यांना काकाजी म्हणते. त्यांचं मडकं असं गोल, की चंद्राने येऊन माप घेऊन जावं. चार वर्षांत माझ्या एकाही भांड्याला त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. मला तेवढं एक ‘बरं’ हवं होतं.

त्या रविवारी यवतमाळहून काही मंडळी माझे वाडगे बघायला येणार होती. सत्तावीस वाडगे अंगणात मांडले, चुलीवर चहा ठेवला आणि दूध आणायला गेले. परतले तर अंगणात खापरांचा डोंगर, आणि ओट्यावर काकाजी, घामाघूम, मांडीवर लाकडी थापी.

"काकाजी! हे काय केलं?"

"बोंबलू नको. गिऱ्हाईक येऊन राह्यले अन् तू बिघडलेला माल मांडून गेली? कुंभाराच्या घरचं वाकडं लोकाईले दिसू नये. मी येऊन फोडले म्हणून इज्जत वाचली तुही."

"अवो, मुद्दाम केले होते वाकडे!"

"मुद्दाम?" मी मुद्दाम ताप आणल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? सरळ जमत नाही का?"

टिपेश्वरच्या वाघाला ऐकू जाईल असं रडायचं मी ठरवलं. तोंड उघडणार, तोच त्यांनी पाठीमागून एक वाडगा पुढे घेतला. साबूत. त्यात माझाच कोरा चहा. त्यांचा अंगठा बरोबर माझ्या अंगठ्याने पाडलेल्या खळगीत.

"मग हा कसा राहिला?" मी विचारलं.

"फोडाले उचलला, तर हातात बसला." त्यांनी घोट घेतला, काठावर टिचकी मारली. "हा एक तुह्या हातून चुकून बरा झाला."

सत्तावीसांत सगळ्यात वाकडा तोच. पंधरा वेळा मोडून केलेला. पण ते सांगायला मी काय वेडी आहे?

"हो काकाजी," म्हटलं, "चुकूनच."

"मंग असाच अजून एक कर. तुह्या काकूले."

मंडळी आली तेव्हा खापरं अंगणात तशीच होती, आणि मी चाकावर बसले होते.