उसाकडं पहारा कोण लावतं राव?

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाय.

आधीच्या लढाईच्या गेममधले शत्रू लई मठ्ठ. दरवेळी त्याच भिंतीआडून डोकं काढणार. म्हणून एकदम खऱ्यासारखी म्हणतात ती नवी गेम घेतली. हिच्यात मिशन आपलं आपण बनवता येतं. मी निरगुडसरचं आमचं शिवारच मांडलं. समोर रस्ता, मधी कांद्याची चाळ, मागं ऊस. सगळा पहारा रस्त्याकडं लावला.

दोन मिनिटांत मेलो. गोळी मागून.

आणखी तीनदा खेळलो, तिन्ही वेळा मागूनच. मी शत्रूंना रस्त्याची वाट आखून दिली व्हती, पण ते आपल्या डोक्यानं उसातून वळसा घालून आले.

आई शेजारी लसूण सोलत बसली व्हती. म्हणाली, "आरं, ती उसात शिरत्यात की! बिबट्याचं भ्या न्हाई व्हय त्यांना?"

तवा डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं उसातनं माणूस येईल असं कुणाच्या मनातच येत नाय.

सेटिंगमध्ये शत्रूचा नेम, हिंमत, सगळं कमी-जास्त करता येतं. बिबट्याचं भ्या कुठंच नाय.

गेममध्ये चारदा मेलो न् चारदा उठलो. आता सहाला विहिरीवरची मोटार चालू करायला खऱ्या उसाच्या कडंनं जायचंय.

कोण येतंय सोबत?