मी बदनाम केलेली भिंत

माणसांची बदनामी मी आयुष्यात पुष्कळ केली आणि ती सगळी पचवली. भिंतीची मात्र एकदाच केली, तीही माझ्या विहिणीच्या घरातल्या भिंतीची, आणि ती अजून पचलेली नाही. तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता.

आमच्या विहीणबाईंसारखी बाई लातुरात दुसरी झाली नाही. भूकंपानंतर लोक जुन्या घरांपासून पळत होते, तेव्हा ही बाई त्या घरांकडे चालत निघाली. गल्लीबोळातलं दोन-तीन खोल्यांचं दगडी घर घ्यायचं, नीट करायचं, विकायचं, की दुसरं घ्यायचं. घर बघायला गेल्या की मालकाशी बोलायच्या आधी भिंतीशी बोलत. बोटानं ठकठक करीत, कान लावीत, डोळे मिटीत. मालक बिचारा रोग्याच्या नातेवाइकासारखा बाजूला उभा. घर ताब्यात आलं की पहिलं काम माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवणं. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर मातीचा नवा थर चढवलेला असायचा, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा ढीग पाट्यांनी खाली यायचा. "डोक्यावर गाव घेऊन घर उभं ऱ्हातं व्हय?" म्हणत त्या वर हलके पत्रे घालायच्या. मग भिंती. दगडी भिंतीला दोन अंगं असतात, मधे भराव. दोन्हींना आरपार धरणारे लांब दगड नसले की भिंतीला पोट सुटतं. हे मला समजावताना म्हणाल्या, "नवरा-बायकोसारखंच हाय बगा. मधी धरणारं कुणी न्हाई, की दोगं दोन दिशेला."

त्यांचा एक नियम मात्र मला छळायचा. दुरुस्त केलेल्या घरात एक पावसाळा स्वतः काढल्याशिवाय ते विकायचं नाही. "ज्या छपराखाली मी निजले न्हाई, ते लोकाला कसं द्यू?" बोलायला छान, पण त्यांच्या मागं त्यांचा मुलगा आणि माझी मुलगीही बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायची.

गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. क्लासेसचं वारं सुटलं होतं, गावोगावचे आईबाप पोरांच्या बारावीसाठी लातुरात घर शोधत होते. पण विहीणबाई गिऱ्हाइकाचीच परीक्षा घ्यायच्या. देवणीच्या एका गृहस्थाला वर दोन मजले चढवून पोरांसाठी खोल्या काढायच्या होत्या. "दादा, तुमच्याकडच्या गाई लई नामी," त्या म्हणाल्या, "पण गाईच्या पाठीवर हत्ती बसवता का?" चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

चौथं घर विकायला निघालं तेव्हा माझ्या मुलीला दुसऱ्या खेपेचा आठवा महिना होता. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "आई, परत सामान बांधायचंय." सासूला बोलायची तिची हिंमत नव्हती. मी नांदेडहून पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. सरळ विहीणबाईंशी बोलावं, एवढं साधं मला सुचलं नाही. विहिणीपुढं पदर पसरायचा म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई बाजारात गेलेल्या असताना हिमायतनगरचं एक जोडपं घर बघायला आलं. मी त्या बाईला बाजूला घेतलं. "आपल्याच नांदेड जिल्ह्याच्या म्हणून सांगते. ही मागची भिंत भूकंपात सरकलीय. वरून नुसता गिलावा केलाय." चहासुद्धा न घेता दोघं गेली. गल्लीच्या तोंडाशी त्यांना विहीणबाई भेटल्या, आणि त्या दोघांनी माझं बोलणं त्यांना सगळं सांगितलं.

मी भांडणाच्या तयारीनं भेंडी चिरत बसले होते. विहीणबाई आल्या, माझ्याकडे न बघता मागच्या खोलीत गेल्या, भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. मग मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

"अम्मा, ये दीवार तो मैंइच बांध्या," मिस्त्री म्हणाला. "क्या हुआ इसको?"

"विहीणबाईंना कायतरी दिसलंय. काढा गिलावा."

तीन दिवस गिलावा निघत होता. धुळीत विहीणबाईंनी स्वतः माझ्या मुलीचा पलंग पुढच्या खोलीत ओढला. एकेका दगडावर हात फिरवून बघत होत्या. एका शब्दानं मी ते थांबवू शकले असते. मी भेंडी, गवार, दोडका, जे हाताला येईल ते चिरत राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलीनं मला सांगितलं. भूकंपात विहीणबाईंची थोरली बहीण भिंतीखाली गेली होती. त्या भिंतीचं सुटलेलं पोट आधीपासून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं. पण दुसऱ्याच्या घराला नावं कशाला ठेवा, म्हणून कुणी बोललं नाही. विहीणबाईसुद्धा बोलल्या नव्हत्या.

विहीणबाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. लातुरात त्यांनी विकलेली घरं अजून उभी आहेत, कुणाच्या खिडकीत पुस्तकं, कुणाच्या दारात सायकली. त्या घरांवरून जाताना माझा हात आपोआप भिंतीवर जातो.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विहीणबाई मोरीत हातापायाची धूळ धूत होत्या. मी पाण्याचा तांब्या धरून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. भिंतीला काही झालं नव्हतं. लेकीला हलवू नये म्हणून मी खोटं बोलले. त्यांनी तोंड पुसलं, तांब्या माझ्या हातातून घेतला.

"सामान बारशानंतर हलवू. आन् विहीणबाई, माझ्याबद्दल लोकाला काय बी सांगा, मी हसून सोडीन. भिंतीबद्दल मातर खोटं बोलू नका. मी खरं धरते."