शमूच्या वाट्याची भाकर

"अडथळा या मुलात नाही. अडथळा याच्या आईत आहे."

बाहेरगावाहून आलेले धर्मसेवक माइकवर म्हणाले. हडपसरच्या मैदानात, प्रार्थनेने आजार बरे करायच्या आरोग्यसभेत. समोर किती माणसं होती ते मला विचारू नका. मी सांगायला लागले तर अख्खं पुणे आलं होतं आणि जागा पुरेना म्हणून सासवडपर्यंत सतरंज्या टाकल्या होत्या. ते मोठे सेवक घामाघूम झाले होते. माझ्या शमूच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी 'ऊठ' म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग ओरडले. शेवटी दोन स्वयंसेवकांनी शमूला काखेत धरून व्हीलचेअरमधून उभं केलं आणि हात सोडले.

एकतीस वर्षांचा माझा मुलगा तोंडावर पडला. ओठ फुटला. मागचे लोक हालेलूया म्हणत राहिले. त्यांना वाटलं, तो लोटांगण घालतोय.

आणि मग ते वाक्य. मी तिथेच स्टेजवर उभी. हातात शमूची लाळ पुसायचा नॅपकिन, त्यावर आता रक्त. बाजूच्या पडद्यावर माझं तोंड, बैलगाडीएवढं. खालून कोणीतरी म्हणालं, "बाई, कबूल करून टाका काय असेल ते." काय कबूल करू? पण खरं सांगते, मी शोधायला लागले. ट्रंकेत हात घालून किल्ली चाचपावी तशी माझ्या आत पाप चाचपत राहिले. तिथे, सगळ्यांसमोर. याची लाज मला पोराच्या पडण्यापेक्षा जास्त वाटते.

मी मिशनच्या शाळेत आया होते. आता घरी. राहायला विश्रांतवाडीला, चर्च खडकीकडे. नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. शमू लहान असतानाच वारला. शमू बाळंतपणात अडकला होता, उशिरा रडला. तेव्हापासून चालत नाही, बोलत नाही, फिट येतात. पण हसतो. असा हसतो की शेजारीण कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरते आणि भाताची खीर होते. त्याला उचलते मी एकटी. चर्चच्या मंडळीत मी त्याचं वजन नव्वद किलो सांगते. दवाखान्यातला काटा साठ म्हणतो. काट्याने त्याला संडासवरून कधी उचललेलं नाही.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, आणि त्याच्या आधी साक्ष. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. माझा गॅसचा सिलिंडर देवकृपेने पाच महिने पुरला. होळकर पुलावर बंद पडलेली रिक्षा मी प्रार्थना करताच सुरू झाली, आणि माझ्या साक्षीत ती पेट्रोलशिवाय थेट दारात आली. मी खोटं बोलत नाही, मोठं बोलते. लोक हसायचे, डोळे पुसायचे. साक्ष संपली की माझी जागा शेवटच्या बाकाच्याही मागे, जनरेटरच्या दाराशी. शमूच्या आवाजाने उपासनेत व्यत्यय नको म्हणून. जनरेटरचा व्यत्यय चालायचा.

सगळ्यात पुढच्या बाकावर सरलाबाई. त्या बाकावर त्यांच्या आजोबांच्या नावाची पितळी पट्टी आहे. आजोबा वरच्या जातीचे, विद्वान, शास्त्र वाचून ख्रिस्ती झालेले. माझा आजा नगरकडचा, गावकुसाबाहेरचा. दुष्काळात मिशनच्या खडी फोडायच्या कामावर आला आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला. एकदा उपासनेनंतर चहा पिताना सरलाबाई म्हणाल्या, "काहींचे पूर्वज वचन वाचून आले, काहींचे ज्वारी बघून." सगळे हसले. मीही हसले. कपातला चहा सांडेपर्यंत हसले. उपाशी माणसाला देव ज्वारीत दिसला तर त्यात देवाचं काय गेलं, हे सुचलं मला बसमध्ये. अशी उत्तरं मला नेहमी बसमध्येच सुचायची.

शमूला भाकर कधी मिळाली नाही. नियम असा की विश्वासाची कबुली तोंडपाठ म्हणता आली तर दृढीकरण, म्हणजे मंडळीचा पक्का सभासद, आणि दृढीकरण झालं तर भाकर. शमूला येतं फक्त 'आ'. आलेल्या प्रत्येक पाळकाला, म्हणजे चर्चच्या पाद्र्याला, मी विचारलं. प्रत्येकाने मान तिरकी करून एकच सांगितलं, त्याला कळत नाही. मी पुढे जाऊन वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकायची, भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, परत जनरेटरपाशी यायची. शमूला माझ्या तोंडून द्राक्षांचा वास यायचा. मग तोही तोंड उघडायचा. दर वेळी. उघडं तोंड घेऊन वाट बघायचा, आणि मी ते नॅपकिनने पुसायची.

हडपसरच्या सभेनंतर पाळकसाहेब आणि सरलाबाई माझ्या घरी आले. सरलाबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाटेच्या इतक्या कडेला बसल्या की त्यांना टेकू द्यावासा वाटला. ती सभा त्यांनीच भरवली होती. पोरगं पडलं ही बातमी सगळ्या मंडळ्यांत गेली होती आणि सभेचं नाव खराब होत होतं.

"तू एवढं रंगवून सांगतेस," त्या म्हणाल्या. "हेही सांग. फिट थांबल्या म्हण. हात उचलायला लागला म्हण."

"थांबल्या नाहीत, बाई. कालच आली होती."

"मग गॅस तरी कुठे पाच महिने पुरला होता?"

पाळकसाहेब तेवढे वाईट नाहीत. त्यांनी शमूकडे न बघता सांगितलं की तुम्ही साक्ष दिलीत तर मंडळीच्या पंचांपुढे मला म्हणता येईल, देवाने त्याच्यात काम केलं. त्याच दिवशी त्याला भाकर देऊ. पुढे बोलावून, सगळ्यांसमोर.

मी हो म्हणाले. कुणी काही म्हणा. त्या उघड्या तोंडासाठी मी पर्वत हलला म्हणून सांगितलं असतं, आणि पर्वती टेकडी कुठून कुठे गेली तेही दाखवलं असतं.

साक्षीची तालीम मी शमूपुढेच करते. त्याच्यासारखा श्रोता नाही. रिक्षाच्या गोष्टीला तो मांडीवर हात आपटून हसला होता. शनिवारी सकाळी त्याला आंघोळ घालून बसवला, नाचणीची पेज भरवत सुरुवात केली. बरं झाल्याची गोष्ट मोठी करायची तर आधीचा आजार मोठा करावा लागतो. हा धंद्याचा भाग आहे. म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, बंधुभगिनींनो, हा माझा मुलगा म्हणजे नुसता मांसाचा गोळा होता. माझ्या घरातला अंधार होता. शाप होता. मी देवाला म्हणायचे, याला घेऊन जा.

चमचा पुढे केला. शमूने तोंड उघडलं नाही.

मला वाटलं, पेज गरम आहे. फुंकर मारली. त्याने ओठ मिटून घेतले, फुटलेल्या ओठाची खपली ताणली जाईपर्यंत. मग मान वळवली. ज्या मानेला सरळ राहता येत नाही, ती मान त्याने भिंतीकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. थरथरत होती, पण धरली.

आणि म्हणे, त्याला कळत नाही.

मी वाटी खाली ठेवली. माझ्यात अडथळा कुठे होता तो मला तेव्हा सापडला. विश्वासात नव्हता. हसण्यात होता. चहाचा कप हातात धरून जी मी हसले होते ना, तिच्यात होता. सरलाबाईंनी आम्हाला जसं कमी लेखलं तसंच मी माझ्या पोराला लेखत होते, वर टाळ्या घेणार होते.

त्याने दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. मीही नाही.

रविवारी पाळकांनी माझं नाव पुकारलं. लोकांनी रुमाल काढले. सरलाबाई मागे वळून, माझ्याकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा हसल्या. मी शमूची खुर्ची ढकलत मधल्या वाटेने पुढे आले. माझी ती सगळ्यात छोटी साक्ष.

म्हटलं, "माझा शमू बरा झालेला नाही. त्याला कालही फिट आली. त्या सभेत त्याला पाडलं, आणि दोष मला दिला. हे खरं आहे. यात मी काहीही वाढवलेलं नाही."

कोणी आमेन म्हणालं नाही. सरलाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "झालं असेल तर मागे जा."

मी गेले नाही. प्रभुभोजन सुरू झालं, लोक कठड्याशी आले, मीही शमूच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकले. पाळकसाहेबांनी मला भाकर दिली आणि ताट शमूच्या डोक्यावरून पुढे नेलं. हळूच म्हणाले, "त्याला नको. पंचांनी नाही म्हटलंय."

"पंचांना म्हणावं, मी विचारत नाहीये."

भाकर म्हणजे पावाचा तो केवढासा तुकडा. मी त्याचे दोन केले. शमूचा अर्धा माझ्या पेल्यातल्या द्राक्षरसात भिजवला, कारण कोरडं त्याच्या घशात अडकतं. हनुवटी छातीकडे धरली, जिभेवर ठेवला, गिळेपर्यंत गळ्याला बोट लावून थांबले. तो 'आ' म्हणाला. मोठ्याने. पुढच्या बाकापर्यंत नीट ऐकू गेलं.

त्याच आठवड्यात पंचांनी निरोप पाठवला. मी साक्षीला उभं राहायचं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी मुलाला बाहेर बसवायचं. नाहीतर दुसरी मंडळी बघावी. शेजारीण म्हणते, बघा ना दुसरी, पुण्यात चर्चला काय तोटा. तोटा नाही. पण प्रत्येक ठिकाणी जनरेटर असणार आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याशेजारी जागा रिकामी असणार.

देवाने माझ्यासाठी काय केलं, मला माहीत नाही. शमूच्या फिट थांबवल्या नाहीत. मी गेल्यावर याला कोण उचलेल, तेही सांगितलेलं नाही. रोज विचारते, रोज गप्प असतो. तरी मी देवाला सोडलेलं नाही, आणि पुढच्या बाकाकडे तर मुळीच सोपवणार नाही.

परवा पहिला रविवार आहे. आम्ही जाणार. मागच्या दाराने नाही, मधल्या वाटेने. कठड्यापाशी जाऊन खुर्चीच्या दोन्ही चाकांना ब्रेक लावणार. मला भाकर दिली तर अर्धी शमूची. नाही दिली तर तिथेच थांबणार, तो तोंड उघडं ठेवून आणि मी त्याच्या शेजारी. या वेळी मी ते तोंड पुसणार नाही. बघू दे सगळ्यांना.