चाचानं गाळलेला सवाल

मीरासाबचाचाला इंग्रजी फाडफाड बोलता यायचं, पर वाचता एक अक्षर यायचं न्हाय. पंचवीस वर्षं गोऱ्या सायबांच्या बंगल्यावर बटलर हुता त्यो. जेवाण वाढता वाढता कानानं भाषा उचललेली. मी बायडाबाई, त्येच्या समोरच्या दारातली. आमची भांडणं रोजची, कधी त्येच्या कोंबड्यांवरनं, कधी माझ्या तोंडावरनं. तरी सांगते, असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाय.

महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झालीती, तवा कोल्हापुरात पिलेग शिरला. मरणाचं भ्याव हुतंच, पर त्येच्यापरास तपासणीचं जास्त. गोरा डाक्तर शिपाई घिऊन दारात यायचा. अंगात ताप दिसला, जांघंत गाठ दिसली, की माणूस उचलून गावाबाहीरच्या छावणीत. तिथनं परत आलेला आमी कुणी बघितला न्हवता. संगं एक दुभाष्या असायचा, त्यो डाक्तराला आमच्यापरास जास्त भ्यायचा. पलीकडच्या गल्लीत झुंबरबाईच्या सासूला नुस्ता हिवताप. दुभाष्याची दातखीळ बसली, त्येनं नुस्ती मान डोलावली, आन् म्हातारी गेली छावणीत.

त्या दिवशी चाचा उंबऱ्यावर उभा ऱ्हाऊन वरडला, "ह्या मुडद्याच्या भरवशावर मरताय व्हय? सायबाच्या तोंडावर सायबाच्या भाषेत बोला की! मी शिकवतो."

डाक्तर यायचा दुपारचा, गडीमाणसं तवा कामावर. म्हणून शिकवणी आमा बायकांची, चाचाच्या अंगणात चिंचंखाली. चाचा पालथ्या बुट्टीवर बसायचा, डोक्यावर जुन्या सायबानं दिलेली टोपी. टोपी घातली की त्यो सायेब, काढली की चाचा. समोर एकेकीला उभी करायचा.

"हू इज सिक?" म्हंजे आजारी कोण?

"नोबडी, सर."

"वर बघून बोल! खाली बघितलंस की सायबाला वाटतं, कायतरी लपवालीय."

आवं, परक्या गड्याच्या डोळ्यात कसं बघायचं? माझी तर बोबडीच वळली. चाचाची बायको हुसेनबी दारातनं हसायची, "बायडा, माझ्याशी भांडताना बरं चालतंय ग तोंड!"

सगळ्यांत भ्यालेली शालू. माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, सयाजीची बायको. तिचा गुंडू पाच वर्षांचा. पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला, त्येनं जांघंत अवधाणाची गाठ आलेली. आमाला ठावं की हे काट्याचं, पर डाक्तराला ती पिलेगाचीच गाठ दिसणार. सयाजी गाडी घिऊन पन्हाळ्याला गेलता. शालूच्या जिवाला एकच घोर, माझं पोर न्हेतील. चाचानं तिच्याकडनं जबाब घोटून घेतला, "थॉर्न, सर. फोर डेज. नो फीवर, सर." काटा हाय, चार दिस झाले, ताप न्हाय. भाकरी थापताना बी ती त्येच पुटपुटायची.

एक दिवस चाचानं टोपी सावरून नवा सवाल टाकला. "युवर हजबंड नेम?" नवऱ्याचं नाव काय?

झालं! सगळ्यांचे पदर तोंडाला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं, असं आमच्यात मानतात. मी म्हटलं, "चाचा, काय लाज हाय का? आदी हुसेनबीला घ्याय लावा की तुमचं नाव!" हुसेनबी तर जल्माची त्येला 'करीमचे अब्बा' म्हणायची. चाचा वशाळला. टोपी काढून म्हणाला, "ऱ्हाऊ दे बायांनो. सायेब कशाला इचारतोय त्ये." आन् त्यो सवाल त्येनं गाळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाला बुटांचा आवाज आला. सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलं. दुसऱ्यासाठी कोण बोलला तर त्येलाच आदी छावणीत घालीन, असं शिपायानं बजावलं. चाचा माझ्या शेजारीच हुता.

डाक्तरानं गुंडूची मांडी चाचपली. पोर किंचाळलं. "व्हॉट इज धिस?"

शालूनं वर बघितलं, नीट त्येच्या डोळ्यात. "थॉर्न, सर. फोर डेज. नो फीवर, सर." आन् पोराचा तळवा उलटा करून काट्याची जागा दावली. डाक्तरानं कपाळाला हात लावून बघितला, मान डोलावली. मला वाटलं, सुटलो. मग त्येनं हातातला घराघरातल्या माणसांच्या नावांचा कागद बघितला. त्यात घरात गडी लिहिलेला, आन् घरात तर गडी दिसंना.

"युवर हजबंड? नेम?"

शालूनं पदर तोंडाला लावला.

"नेम!"

त्येला वाटलं, हिनं आजारी नवरा दडवलाय. शिपाई आत घुसले, भांडी फेकली, कणगी उपडी केली. एकानं गुंडूला उचलून खांद्यावर टाकला. शालू चाचाकडं बघाय लागली. चाचाचे ओठ हलत हुते, आवाज फुटंना. पंचवीस वर्षं सायबापुढं मान खाली घालून काढलेला माणूस, भ्यालता त्यो. आन् मी? माझा तर दीर, मला त्येचं नाव घ्याय काय बी आडकाठी न्हवती. तरी मी भिंतीला चिकटून ऱ्हायले. आजवर कुणाला सांगितलं न्हाय हे.

"सयाजी!" शालू वरडली. "सयाजी, सर! पन्हाळा, सर!"

नाव कागदाशी जुळलं. गुंडूला खाली ठेवला आन् ते पुढच्या दारात गेले.

पोर वाचलं. अवधाण चार दिसांत उतरलं. शालू मातूर दारात बसून वाटंकडं बघायची. "जाऊबाई, मी नाव घेतलं. त्येंस्नी काय हुणार न्हाय न्हवं?" मी म्हणायची, "गप ग खुळे." नवव्या दिवशी सांगावा आला. सयाजीला गाडीतळावरच पिलेगानं गाठलं, तिथंच जाळून बी झालं. नाव घेतल्यानं माणूस मरत न्हाय, एवढी अक्कल मला हाय. पर शालूला सांगणार कोण?

पुढच्या साली पिलेग परत आला. चाचानं परत बुट्टी पालथी घातली. ह्या खेपंला पयलाच सवाल त्यो, "युवर हजबंड नेम?" परत सगळ्यांचे पदर तोंडाला.

मागं शालू बसलीती, कपाळ मोकळं, मांडीवर गुंडू. ती उठून पुढं आली आन् चाचाच्या डोळ्यात बघून म्हणाली, "सयाजी, सर." मग आमच्याकडं वळली. "पयलं मलाच इचारू दे चाचाला. माझ्या घेण्यानं आता कुणाचं काय कमी व्हायचं न्हाय."

चाचानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "परत म्हण, पोरी," म्हणाला. ती परत म्हणाली.