सांबर, सुलतान आणि आबांची मिशी

माझ्या वडिलांना मी आयुष्यात एकदाच बाण मारला, आणि तोही त्यांच्याच सांगण्यावरून.

(लगेच पोलिसांना फोन करू नका. बाणाला टोक नव्हतं. टोकाच्या जागी चिंध्यांचा गोळा होता आणि गोळ्याला तेलात कालवलेला गुलाल. का, ते सांगतो.)

मी तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टवर आर्चरी इन्स्ट्रक्टर आहे. पाहुण्यांच्या हातात धनुष्य द्यायचं, "कोपर वर, श्वास रोखा, सोडा!" असं दरडावायचं आणि मग झुडपात शिरून सगळे बाण हुडकून आणायचे, एवढंच ते काम. मला स्वतःला नेम येतो का, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. मीही तो विषय कधी काढला नाही. पण तिकोणा पेठेत, आमच्या गावी, आबांनी, म्हणजे वडिलांनी, माझी कीर्ती फारच पसरवून ठेवली होती. "आमचा दत्ता झाडावरचा आंबा देठात तोडतो बाणानं," असं ते पारावर बसून सांगायचे. देठात! अहो, मला झाडसुद्धा लागत नाही.

यंदा दिवाळी तोंडावर आली, इंद्रायणी भात पिवळं झालं, आणि रोज पहाटे आमच्या वावरातला एक तुकडा कुणीतरी खाऊन, तुडवून जायला लागलं. आबांनी चौकशी वगैरे न करता गुन्हेगार ठरवून टाकला. शेजारच्या वावराचे मालक म्हणजे आबांचे सख्खे धाकटे भाऊ, आमचे नाना. नानांकडे सुलतान नावाचा रेडा आहे. पवनेकाठच्या निम्म्याअधिक रेडकांचा तो बाप! आणि हे दिवस त्याच्या माजाचे, म्हणजे ऐन धंद्याचे.

"नाना, तुझा रेडा माझं भात खातोय," आबा बांधावरून ओरडले.

"दादा, सुलतान गोठ्यात बांधल्याला असतो. रानातनं सांबर उतरतंय. त्येंचा बी आत्ता माज असतो. नर येडे होत्यात, कुटं बी शिरत्यात."

"मग माझ्याच वावरात बरं शिरतंय? तुझ्यात का न्हाई?"

"तुझं भात माझ्यापरीस झ्याक हाय म्हणून!"

भाताची स्तुती झाली म्हणून आबा आणखी चिडले. भांडण बांधावरून पारावर गेलं. गाव जमलं. आणि सगळ्या गावासमोर आबा मिशीवर हात ठेवून गरजले, "सांबर निघालं ना, तर ही मिशी हितंच उतरवीन!"

पारावरचे लोक एकदम उठून उभे राहिले. कारण आबांची मिशी ही नुसती मिशी नाही. आमच्या आजोबांची मिशी जशीच्या तशी आबांच्या तोंडावर उतरलेली आहे. इतकी, की एकदा पितृपक्षात आईने चुकून आबांच्याच फोटोला हार घातला होता. (आबा दोन दिवस जेवले नाहीत.) नानाही मग इरेला पेटले. "रेडा निघाला तर मी बी उतरवतो!" नानांची मिशी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही (माझीसुद्धा तेव्हा त्यांच्याहून दाट होती), पण तत्त्व ते तत्त्व.

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. दर दिवाळीला बांध ओलांडून इकडून तिकडे जाणारं फराळाचं ताट आईने यंदा काढलंच नाही. मला फार वाईट वाटलं. नानीच्या चकल्या मला आवडतात.

आबांना पुरावा पाहिजे होता आणि तो मिळवायची युक्ती त्यांना फोनमध्ये सापडली. कुठल्याशा परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ.

"दत्ता, हे बघ. तिकडं अमेरिकेत बापलेक मिळून धनुष्यानं हरणं मारत्यात. ह्याच दिवसांत! नर माजावर असला की सावध नसतोय. आपून बी बसायचं."

"आबा, सांबर मारलं तर जेलमध्ये जाऊ!"

"मारायचं कोण म्हणतंय? रंगवायचं! गणपतीचा गुलाल उरलाय की मंडळात."

"गुलाल लावला तरी गुन्हाच असेल."

"गुलाल लावणं गुन्हा असता तर समदे पुढारी आत असते!"

योजना अशी होती. वावरात जे जनावर येईल त्याला गुलालाचा बाण मारायचा. सकाळी सगळ्या गावाने सुलतान बघायचा. अंगावर गुलाल दिसला तर नाना हरले. नाही दिसला तर जनावर रानातलं, आणि आबा हरले. नानांनीही हे मान्य केलं. मला मात्र घाम फुटला, कारण हिशेब सरळ होता. रेडा आला आणि माझा बाण चुकला, तरी आबांची मिशी जाणार! आणि माझा बाण चुकणार हे त्या योजनेत सगळ्यात खात्रीचं होतं. ते फक्त मलाच माहीत होतं.

"आबा, मला रजा नाही हो."

"बापाच्या मिशीपरीस रजा मोठी व्हय?"

आलो रजा टाकून. तर आबांनी व्हिडिओ फारच बारकाईने पाहिले होते. तीन दिवस साबण बंद. आणि चौथ्या दिवशी पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं, आबा हातात पत्र्याचं टमरेल घेऊन आले.

"शर्ट काढ."

"काय आहे त्यात?"

"तिकडं ते गोरे हरणीचं मूत अंगाला लावत्यात. माणसाचा वास झाकायला."

"हरणीचं कुठून आणलंत?"

"हरणीचं कुटनं आणू? चंद्री माजावर हाय की आपली."

चंद्री म्हणजे आमची म्हैस. मी आईकडे धावलो. आईने नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "दत्तू, जे काय करायचं ते भाईर करा. आन परत येताना घरात पाऊल टाकू नको."

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत सारवून काढलं. स्वतःला थेंबभरही लावलं नाही. का, तर "बाण तू मारणार, मी नुसता बघणार."

मग मी बांधावरच्या आंब्यावर चढून बसलो. आबा खाली बांधावर, पावसाळ्यातलं जुनं इरलं पाठीवर पांघरून, वर हिरवा पाला खोचून. लांबून बघणाऱ्याला तिथे माणूस आहे असं वाटलं नसतं. जवळून बघणाऱ्याला तो माणूस शहाणा आहे असं वाटलं नसतं. पवनेवरून धुकं सरकत होतं, तिकोण्याचा माथा दिसायला लागला होता, आणि वारा माझ्या अंगावरून थेट नानांच्या गोठ्याकडे वाहत होता. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

आणि सांबर आलं.

खरंखुरं सांबर! रानातून बाहेर पडलं आणि शांतपणे आमच्या भातात उभं राहिलं. काय ते जनावर! शिंगांवर घरची सगळी धुणी वाळत घालता आली असती. ते खाली मान घालून भात खायला लागलं आणि मी श्वास घ्यायचा विसरलो. इतकं देखणं काही मी रिसॉर्टवर कधी पाहिलेलं नाही, आणि तिथे मॉडेल येतात.

"मार!" इरल्याखालून आवाज आला.

मी धनुष्य ताणलं.

"थांब! मारू नको!"

"का?"

"सांबर हाय रं ते."

"मग तेच तर आहे ना मारायचं?"

"आरं, सांबर हाय म्हंजी मी हरलो की!" आबांचा आवाज रडवेला झाला. इरल्याखालून त्यांचा हात हळूच बाहेर आला आणि मिशीवर गेला.

तेवढ्यात मागून असा काही रेकण्याचा आवाज आला की झाडाची पानं हलली. सुलतान! तुटलेलं दावं गळ्यात, वाटेतलं भात तुडवत तो चौखूर आला. भाताकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सांबराकडेही नाही. थेट माझ्या झाडाखाली आला, मान वर केली, ओठ मुडपला, डोळे मिटले आणि एक दीर्घ श्वास घेतला. मग त्याने पुढचे दोन्ही पाय आंब्याच्या खोडावर टेकवले. त्याचा इरादा काय होता हे मी लिहीत नाही. वाचक सुज्ञ आहेत.

"आबा! आबा, ह्याला हाकला!"

पण आबांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही, तो माणूस इरलं फेकून धावत आला आणि ओरडला, "दत्ता, रेड्याला मार! रेड्याला! गुलाल लाव त्याला!"

रेडा माझ्या बरोबर खाली होता. झाड गदागदा हलत होतं, पण एवढं धूड, एवढ्या जवळून! तो बाण चुकणं अशक्य होतं. मी ते शक्य करून दाखवलं.

बाण सुटला तो धावत येणाऱ्या आबांच्या नाकाखाली. फट्! सगळा गुलाल मिशीत. आबांनी "आयो!" करून अशी बोंब ठोकली की सांबराने "ढाँक!" असा आवाज काढला आणि एका उडीत रानात गडप झालं. त्याच क्षणी माझी फांदी मोडली आणि मी पडलो तो सुलतानच्या पाठीवर.

आता आबांची बाजू बघा. डोळ्यांत गुलाल, समोर धुकं, आणि धुक्यातून रेड्यावर बसून कोणीतरी आलेलं! आबांनी मटकन खाली बसून हात जोडले.

"आलास व्हय न्यायला? आरं, मिशीचा निकाल तरी लागू दे!"

"आबा, मी आहे! दत्ता!"

"मेल्या, उतर त्याच्यावरनं!"

एवढ्यात सुलतानला शोधत नाना काठी घेऊन आले. त्यांनी तुडवलेलं भात बघितलं, तुटलेलं दावं बघितलं, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"दादा... म्हंजी माझाच रेडा व्हय? मी उगाच भांडलो तुझ्याशी." त्यांनी मान खाली घातली. "हरलो मी. बबन न्हाव्याला बोलावतो."

मी आबांकडे बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दिवस वर आला तेव्हा पारावर सगळं गाव. आबांची मिशी गुलालाने लालभडक, त्यामुळे लोकांना वाटलं निकाल लागलाच! दोघातिघांनी तर त्यांना हार घालायची तयारी केली. इकडे बबनने नानांच्या ओठावर फेस लावला. नानांनी डोळे मिटले. वस्तरा वर गेला. आबा जागच्या जागी नुसते चुळबुळत होते, खोकत होते, आभाळाकडे बघत होते.

"बबन, थांब!"

सगळे वळले.

"सांबर हुतं," आबा म्हणाले. "म्या डोळ्यांनी बघितलं. रेडा आज पैल्यांदाच आला."

"मग सुलतान भात खायला..." नाना फेसातून बोलले.

"भात खायला कुटं? तो ह्येच्यासाठी आला हुता!" आणि आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

टमरेलाची हकिगत आबांनी तपशीलवार सांगितली. काहीही वगळलं नाही. गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मग आबांनी टोपी काढली आणि बबनसमोर जाऊन बसले. बबनने वस्तऱ्याचा हात उचलला. नानांनी तो वरच्या वर धरला.

"दादाच्या मिशीला हात लावू नको. ती आमच्या बाची हाय. बा गेल्यापास्नं मी त्येच्या फोटूकडं बघत न्हाई, दादाकडं बघतो."

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. (गुलालामुळे, असं ते आजही म्हणतात.) पण ते उठेनात. "नाना, शब्द दिलाय. गावासमोर दिलाय. आमच्या घरातली मिशी उतरल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई."

"आरं, काय ते लवकर ठरवा," बबन कुरकुरला. "फेस वाळतोय."

नानांनी ओठावरचा फेस पुसला. मग त्यांनी हळूच मान वळवली. आबांनी वळवली. बबनने वळवली. पाठोपाठ सगळ्या गावाने वळवली.

"मी? मी काय केलंय?"

"आंबा देठात तोडतोस व्हय?" आबा म्हणाले. "बस हितं!"

त्या संध्याकाळी फराळाचं ताट बांध ओलांडून आलं. नानीने चकल्या माझ्या नावाने वेगळ्या दिल्या होत्या. मला त्या गोठ्यात बसून खाव्या लागल्या, कारण आईने अजून घरात घेतलं नव्हतं.

आबांच्या मिशीतला गुलाल तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. माझी मिशी अजून धड उगवलेली नाही. रिसॉर्टच्या वॉचमनने मला गेटवर अडवून ओळखपत्र मागितलं, आणि बघूनही आत सोडलं नाही. बायको म्हणते, चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो. गावात गेलो की लोक ओळख विसरल्यासारखं करतात. मला न चुकता ओळखतो तो एकटा सुलतान. माझी मोटरसायकल दिसली की दावं तोडून धावत येतो. मिशीमुळे त्याच्या मनात माझ्याबद्दल थोडीफार शंका असेल, तर ती आता पार फिटली आहे.