गाडीतला गॅस कोणी नेला

पन्नासच्या दशकात ठाण्यात वातानुकूलित मोटार ही लोकांनी थांबून बघायची वस्तू होती. आमच्या कारखान्याच्या मालकांकडे अशी एक अमेरिकन गाडी होती. मी कारखान्यातला मिस्त्री, त्यामुळे तिच्या कॉम्प्रेसरची देखभालही माझ्याकडेच आली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं ते यंत्र गॅस दाबून गारवा करायचं. पट्टा ताणायचा, तेल बघायचं, सांधे तपासायचे, असं काम. गॅसचं सिलिंडर मात्र मुंबईहून मिनतवाऱ्या करून आणावं लागे.

एका दसऱ्यानंतर, ऐन उकाड्यात, गाडी गार होईना. तपासलं तर गॅस उडालेला. मी इंजिन बंद करून प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. गळती असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. मग गॅस कोणीतरी काढला, एवढंच मला सुचलं. आणि कोणीतरी म्हणजे ड्रायव्हर.

तो कोकणातला होता. बंगल्यामागच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. त्याचा एक गाववाला कल्याणला आइस्क्रीमच्या दुकानांची यंत्रं दुरुस्त करी, आणि त्यांना हाच गॅस लागतो. मालकांना माजिवड्याला सोडून गाडी उशिरा परत आली की मी मनात कल्याणचं अंतर मोजायचो. त्याच्या बायकोच्या अंगावर नवं लुगडं दिसलं, तेही मी ध्यानात ठेवलं. एकदा संशय आला की माणसाचं हसणंसुद्धा वेगळं दिसतं.

मी मालकांच्या कानावर घातलं. त्यांनी त्याला पोर्चमध्ये बोलावलं.

"मी बॉनेट पाणी घालण्यापुरतं उघडतो," तो म्हणाला.

"मग गॅस गेला कुठं?" मालकांनी विचारलं.

"गारवा होता तोवर तुम्ही मागं बसत होता, मी पुढं. खाल्ला असेल तर दोघांनी मिळून खाल्ला."

मालक हसले नाहीत. मी म्हणालो, "तुझा गाववाला कल्याणला काय करतो, ते सांग ना."

"यंत्रं दुरुस्त करतो. तुम्ही पण तेच करता, मिस्त्री."

त्या उत्तराने त्याचं काम बिघडलं. महिनाअखेर त्याने खोली सोडली आणि कोपरला बिऱ्हाड केलं.

नवा ड्रायव्हर आला. मी गॅस भरला. पंधरवड्यात तो गॅसही गेला. मी नव्यावरही संशय घेतला, पुन्हा गॅस भरला आणि बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. तरीही गॅस गेलाच. तेव्हा कुठे मी कॉम्प्रेसरची पुली काढली.

पुलीमागे दांड्याभोवती काळा पडलेला दोरा घट्ट गुंडाळला गेला होता. त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. दोऱ्याने गॅस अडवणारं आतलं सील कापलं होतं. दांडा फिरत असतानाच तिथून गॅस निसटायचा, आणि मी फेस लावला होता बंद इंजिनावर.

खंडेनवमीला आम्ही लेथपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्या यंत्रांना हार घालत असू. गाडीला पुढे मोठा हार होता. पण कॉम्प्रेसर हेही एक यंत्रच, ते वगळायचं कसं, म्हणून आत छोटा हार मी घातला होता. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने बाहेरचा हार उतरवला. आतला कोणाला दिसणार?

मी सील बदललं. दोरा भट्टीत टाकला. मालकांना सांगितलं, "सील झिजलं होतं."

"म्हणजे त्याने नेला नव्हता?"

"तेव्हाचं वेगळं असेल," मी म्हणालो. मालकांनी पुन्हा विचारलं नाही.

काही महिन्यांनी तो पहिला ड्रायव्हर डोंबिवलीला माझ्या घरी आला. ठाण्यात त्याला कोणी गाडी हातात देत नव्हतं. वीटभट्टीच्या लॉरीवर बदली म्हणून जात होता. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मिस्त्री, गाडी गार होते का आता?"

"होते."

"मग चोर सापडला?"

"नाही."

"म्हणजे अजून मीच." त्यावर तो थोडा हसला. "बरं, कल्याणच्या एका डॉक्टरांना ड्रायव्हर हवाय. ते तुम्हाला विचारतील. गाडी कशी चालवतो तेवढं सांगा. जास्त काही नको."

डॉक्टरांनी खरंच विचारलं. मी म्हणालो, "हात उत्तम आहे. गाडीला कधी ओरखडा नाही."

"आणि माणूस?"

मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिलो. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी मान हलवली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला.